नॉमिनेशनमधून सिनेमा नेमका कुठे गळतो, एंट्र्या भरणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: दरवर्षी नॉमिनेशन आले की आमच्या ग्रुपमध्ये राडा होतो, प्रत्येकाचा आवडता सिनेमा कापलेला असतो, मराठीला तर कोणी विचारतच नाही, मग हे सगळं सेटिंग असतं का, आणि आम्ही फॅन लोक एवढं बोंबलतो त्याचा कोणाला काही फरक पडतो का. विचारणारा पोरगा नागपूरच्या सदरचा आहे म्हणे, आपल्याच गावचा, म्हणून म्हटलं निवांत लिहू, हे काही दोन ओळीत आटोपणारं नाही.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. धंतोलीत छोटं ऑफिस आहे माझं, विदर्भातले निर्माते आणि थोडे पुण्यामुंबईचे, त्यांच्या सिनेमांचे सबटायटल, डीसीपी म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल कॉपी, सेन्सॉरचे कागद, आणि पुरस्कारांच्या नि फेस्टिवलच्या एंट्र्या भरणं हे माझं पोटापाण्याचं काम. छोट्या फेस्टिवलच्या प्री-सिलेक्शनला पण बसलोय. म्हणजे मी ना स्टार आहे ना समीक्षक, मी तो माणूस ज्याच्या टेबलावर फॉर्म असतो. आणि या टेबलावरून जे दिसतं ते असं, की तुम्ही ज्युरीला शिव्या देता तेव्हा बऱ्याचदा ज्युरीने तो सिनेमा पाहिलेलाच नसतो, कारण तो तिच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. किंवा पोचलेला असतो पण भलत्याच वर्षात, भलत्याच कॅटेगरीत. किंवा मतं भरपूर पडलेली असतात पण मोजणीच अशी आहे की ती मतं कामाची नसतात. सेटिंग नसतंच असं मी म्हणणार नाही, खासगी सोहळ्यांमध्ये कोण स्टेजवर नाचणार आहे आणि कोणाच्या हातात पुरस्काराची बाहुली दिसते हे आपल्याला पण कळतं, भैताड नाही आपण. पण "सेटिंग" म्हणून मोकळं झालं की खरी गळती कुठे झाली ते शोधायचं राहूनच जातं.

पहिली गोष्ट, राष्ट्रीय पुरस्कारात नॉमिनेशन हा प्रकारच नाही. दरवर्षी कोणीतरी लिहितं "अमक्याला नॅशनलचं साधं नॉमिनेशन पण नाही", अरे बाप्पा, ते कोणालाच नसतं. निर्माता अर्ज करतो, पाच प्रादेशिक ज्युऱ्या बघतात, मराठी सिनेमे पश्चिम विभागात येतात, तिथून वर गेलेले सिनेमे दिल्लीत केंद्रीय ज्युरी बघते आणि थेट निकाल. शेवटच्या पाचात कोण होतं हे बाहेर येत नाही, त्यामुळे सिनेमा पहिल्याच पायरीवर अडला की अगदी एका मताने गेला हे तुम्हाला मला कळायला मार्गच नाही. आपल्या राज्य पुरस्कारांचं वेगळं आहे, तिथे प्राथमिक फेरीतून नामांकनं जाहीर होतात आणि शेवटचा निकाल समारंभात, म्हणजे भांडायला निदान यादी तरी हातात असते. ऑस्करचं तिसरंच. सगळ्यांना एकाच काठीने हाकलं की भांडण रंगतं फक्त, पुढे काही सरकत नाही.

आता तारखेचं बघा, यात तर भले भले फसतात. राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष ठरतं ते सेन्सॉर सर्टिफिकेटच्या तारखेवर, रिलीजच्या नाही. 'वाळवी' थिएटरात लागला १३ जानेवारी २०२३ ला, पण त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट मिळाला ७०व्या पुरस्कारांत, जे २०२२ सालच्या सिनेमांचे होते. का, तर सर्टिफिकेट आधीच्या वर्षातलं. आणि 'सैराट'चं तर याहून भारी आहे. सिनेमा रिलीज झाला २९ एप्रिल २०१६ ला, आणि रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख जाहीर झाला त्याच्या महिनाभर आधी मार्चमध्ये, ६३व्या पुरस्कारांत, म्हणजे २०१५ सालच्या सिनेमांच्या गटात. पब्लिक थिएटरात नाचायला लागायच्या आधीच त्याचा राष्ट्रीय पुरस्काराचा हिशोब क्लोज झालेला होता. पुढच्या वर्षीचे निकाल आले तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर लोक तावातावाने विचारत होते, एवढा चालला सिनेमा, काहून काही नाही दिलं त्याले. त्यांना कोण काय सांगणार, सिनेमा त्या वर्षीच्या शर्यतीत नव्हताच भाऊ.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे याच्यावरूनच बम धावपळ असते. निर्माता म्हणतो सर्टिफिकेट लवकर काढून टाकू, मी म्हणतो थांब, मिक्सिंग अजून कच्चं आहे, ३१ डिसेंबरच्या आत सर्टिफिकेट घेतलं तर ह्याच वर्षात जाशील, जानेवारीत घेतलं तर एक अख्खं वर्ष मिळेल. तो म्हणतो व्याज कोण भरणार. मग व्याज जिंकतं आणि कच्च्या आवाजाचा सिनेमा ज्युरीसमोर जातो. लोकांना वाटतं साउंडचा पुरस्कार ज्युरीने दिला नाही, इकडे तो फायनान्सरने घालवलेला असतो.

निकाल तरी वेळेवर लागतात का, तर ते पण नाही. २०२३ च्या सिनेमांचे ७१वे पुरस्कार जाहीर झाले १ ऑगस्ट २०२५ ला. तोपर्यंत प्रेक्षक ते सिनेमे विसरून ओटीटीवर दुसरं काहीतरी बघत बसलेले असतात. त्यात नव्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी मिळाला आणि मला जरा गंमत वाटली, कारण १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा देशातला पहिलावहिला सर्वोच्च मान अत्र्यांच्या 'श्यामची आई'लाच मिळाला होता. मराठीला कोणी विचारत नाही म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं, त्यानंतर पन्नास वर्षं दुष्काळ होता हे खरं, पण मग 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे पुन्हा चार वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपट आपल्याकडे आले, 'देऊळ'चा एका ब्यारी भाषेतल्या सिनेमासोबत विभागून. हे काही कमी नाही. उलट हिंदी व्यावसायिक सिनेमाची फॅन मंडळीच तिथे जास्त रडत असतात.

फॉर्मवर येतो, कारण माझ्या मते खरा अन्याय इथे होतो आणि त्यावर कधी कोणी पोस्ट टाकत नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक विभागासमोर नाव लिहावं लागतं. संकलक कोण, ध्वनी कोणाचा, वेशभूषा कोणाची, मुख्य भूमिका कोण, सहायक कोण. नायक आणि दिग्दर्शकाचं नाव निर्माता झोपेत पण सांगतो. वेशभूषा विचारलं की म्हणतो, "ती मुलगी होती ना, काय नाव तिचं, नंतर सांगतो." नंतर म्हणजे कधीच नाही. एकदा एका निर्मात्याने ध्वनी आरेखनाच्या रकान्यात स्टुडिओचं नाव लिहून पाठवलं, माणसाचं नाही, आणि त्या पोराने रात्र रात्र जागून मेळघाटच्या पावसाचा आवाज स्वतः रेकॉर्ड केला होता, मी त्याचे ट्रॅक ऐकलेत, पत्र्यावरचा पाऊस वेगळा, सागाच्या पानावरचा वेगळा, मातीवरचा वेगळा, तीन थर लावले होते. मी फोन करून करून नाव भरून घेतलं, ते काम मला पटलं म्हणून. प्रत्येक फॉर्ममागे कोणी एवढं लागत नाही. आता अशा माणसाचं नाव गेलंच नसतं तर तुम्ही त्याला डावललं म्हणाला असता का? तुम्हाला तो आहे हेच कळलं नसतं.

उलटंही होतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ६८व्या पुरस्कारांत सिंक साउंडचा, म्हणजे लोकेशनवरच आवाज धरल्याचा पुरस्कार 'डोळ्ळू' या कन्नड सिनेमाला मिळाला, आणि ऑस्कर मिळवलेले रसूल पूकुट्टी यांनी उघड सांगितलं की हा तर डब केलेला सिनेमा आहे. म्हणजे जे काम झालंच नाही त्याला बक्षीस. त्या वर्षी ज्यांनी खरंच लोकेशनवर, कुत्री भुंकत असताना, ट्रॅक्टर जात असताना बूम माइक धरून आवाज घेतला त्यांचं काय? याच्यावर खरं तर फॅन ग्रुपमध्ये आग लागायला पाहिजे होती. दोन दिवसात विषय थंड झाला.

मुख्य की सहायक हा पण फॉर्मवरचाच घोळ. ७१व्यात मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांना 'उल्लोळुक्कु'साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, तर त्यांनी सरळ विचारलं, माझी भूमिका सहायक कशी ठरवली, याचा निकष काय. बरोबर आहे त्यांचं, सिनेमा बघितला तर दोन बायकांच्या खांद्यावर उभा आहे तो. ऑस्करमध्ये तर हे डावपेचच असतात, लीडमध्ये गर्दी आहे म्हणून माणसाला सपोर्टिंगमध्ये ढकलायचं, तिकडे जागा मोकळी असते. मग सपोर्टिंगमध्ये जो खरंच दहा मिनिटांचा रोल करून जीव ओतून गेला त्याची जागा जाते. तुमच्या आवडत्या नटाचं नॉमिनेशन हुकलं तर आधी बघा की त्याला उभं कुठे केलं होतं.

आता ऑस्कर, ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त रक्त आटतं ते इथेच. आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या कॅटेगरीत एका देशाचा एकच सिनेमा. एक. भारताकडून तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती ठरवते, आणि तिथेही निर्मात्याने आपला सिनेमा फी भरून द्यावा लागतो, जी छोट्या निर्मात्याला जड जाते. २०१३ ला 'द लंचबॉक्स' सोडून 'द गुड रोड' पाठवला तेव्हा बोंब झाली. २०२२ ला 'आरआरआर' सोडून 'छेल्लो शो' पाठवला तेव्हा झाली. २०२४ ला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' फ्रान्सच्या कान महोत्सवातून ग्रांप्री, म्हणजे तिथला दुसरा मोठा पुरस्कार, घेऊन आलेला असताना 'लापता लेडीज' पाठवला तेव्हा तर विचारूच नका. तो पंधराच्या शॉर्टलिस्टमध्ये आला नाही, आणि हिंदीतला 'संतोष' आला, पण ब्रिटनकडून! या निवडीवर माझं मत विचाराल तर चुकलंच, समितीने "आपला सिनेमा कसा दिसावा" हा विचार केला, "मत देणारा कोण आहे" हा केला नाही. पण हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०२३ ला फ्रान्सने कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला 'ॲनाटमी ऑफ अ फॉल' सोडून दुसराच सिनेमा पाठवला, जो नॉमिनेट पण झाला नाही, आणि तो सोडलेला सिनेमा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नॉमिनेशनपर्यंत गेला आणि मूळ पटकथेचं ऑस्कर घेऊन आला. 'आरआरआर'चं तेच, देशाच्या एंट्रीची वाट न बघता वितरकाने जनरल कॅटेगऱ्यांमध्ये घातला आणि गाण्याचं ऑस्कर आलं. दार एकच नसतं, पण दुसऱ्या दाराला पैसा लागतो, बम पैसा. लॉस एंजेलिसमध्ये स्क्रीनिंग लावा, जाहिराती द्या, पीआरवाले ठेवा. २००४ ला 'श्वास' गेला तेव्हा त्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आठवत असेल जुन्या लोकांना. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट', हे तीन मराठी सिनेमे भारताकडून गेलेत आणि शेवटच्या पाचात एकही नाही, पण शेवटच्या पाचात अख्ख्या भारताचेच तीन आहेत आजवर, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे', 'लगान'.

मोजणीचं आता नीट समजून घ्या, कारण "सगळ्यांना आवडला तरी नॉमिनेशन नाही" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. ऑस्करमध्ये नॉमिनेशनला बहुतेक जो तो आपल्या शाखेसाठी मत देतो, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, संकलक संकलकांना, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाला सगळे. मत म्हणजे टिकमार्क नाही, पसंतीक्रम, एक दोन तीन चार पाच. समजा आमच्या फिल्म क्लबात साठ लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि जागा पाच आहेत. कोटा निघतो साठ भागिले सहा, अधिक एक, म्हणजे अकरा. ज्याला अकरा लोकांनी एक नंबरला टाकलं तो आत. आता 'क' नावाचा सिनेमा चौदा लोकांनी एक नंबरला लिहिला आणि बाकीच्यांनी त्याचं नाव पण घेतलं नाही, काही तर त्याला शिव्या घालतात, तरी तो पहिल्याच फेरीत आत. आणि 'ख' पंचेचाळीस चिठ्ठ्यांवर आहे, सगळ्यांना आवडला, पण तिसऱ्या चौथ्या नंबरला, एक नंबरला फक्त तिघांनी. तळातून सिनेमे बाद करत जातात तेव्हा हा सुरुवातीलाच उडतो, त्या चाळीस-बेचाळीस लोकांची पसंती उघडून बघायची वेळच येत नाही.

आम्ही क्लबमध्ये वर्षाअखेरीला असं मोजतो, मुद्दाम, जमिनीवर चिठ्ठ्यांचे ढीग लावून. एखादा ढीग उचलून त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या ढिगांवर वाटायला लागलं की लोक ओरडायला लागतात, अहो तो तर सगळ्यांना आवडला होता, मी माझ्या चिठ्ठीवर पण लिहिला होता! लिहिला होता ना काका, पण चौथा. चांगला, गोड, कोणालाच न खटकणारा सिनेमा नॉमिनेशनमध्ये मरतो आणि दहा लोकांना वेड लावणारा, वीस लोकांना झोपवणारा सिनेमा आत जातो. आणि ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडताना शेवटच्या मतदानात उलटं होतं, तिथे जिंकायला निम्म्याच्या वर मतं लागतात, बाद होत होत दुसरी तिसरी पसंती मोजली जाते, म्हणजे तिथे ज्याचा कोणी फार राग करत नाही त्याचं फावतं. एकाच पुरस्काराच्या दोन फेऱ्या दोन वेगळ्या स्वभावाचे सिनेमे शोधतात.

हे डोक्यात असलं की 'बार्बी'चं प्रकरण वेगळं दिसतं. जानेवारी २०२४ ला ग्रेटा गेरविगचं दिग्दर्शनाचं आणि मार्गो रॉबीचं अभिनेत्रीचं नॉमिनेशन हुकलं, जगभर बोंब. पण सिनेमाला आठ नॉमिनेशन होते, गेरविगला पटकथेचं होतं, रॉबीला निर्माती म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं होतं. दिग्दर्शकांच्या शाखेत तेव्हा पाच-सहाशेच्या घरात लोक, त्यात जगभरचे, त्यांची आवड बऱ्याचदा कानच्या बाजूला झुकते, त्यांनी 'ॲनाटमी ऑफ अ फॉल'च्या जस्टिन त्रिएला घेतलं. हे कट म्हणून नाही समजत, ही छोट्या शाखेची आवड. तसंच २०१३ ला बेन ॲफ्लेकला दिग्दर्शक शाखेने घेतलं नाही आणि ऑस्कर देणाऱ्या पूर्ण अकॅडमीने त्याच्याच 'आर्गो'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट दिला. संस्था एकच, मतदार वेगळे. हिचकॉकला पाच वेळा नॉमिनेट करून एकदाही दिग्दर्शनाचं ऑस्कर दिलं नाही, याचा राग मात्र मला आजही येतो, तिथे मोजणीचं कारण मला कोणी देऊ नये.

फॅन लोकांच्या ओरडण्याने काही होतं का? होतं. २००८ च्या 'द डार्क नाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नॉमिनेशन नाही मिळालं, केवढा गोंधळ झाला, आणि पुढच्याच वर्षीपासून पाचाच्या जागा दहा झाल्या, तेव्हाच्या अध्यक्षांनी त्या सिनेमाचं नाव चर्चेत आल्याचं मान्य पण केलं होतं. आज जे दहा नॉमिनी दिसतात त्यात तुमच्यासारख्यांच्या बोंबलण्याचा वाटा आहे. पण थेट फॅनच्या हातात मत दिलं की काय होतं ते पण बघितलं आपण, २०२२ ला ट्विटरवर फॅन फेव्हरेट घेतलं आणि दिग्दर्शक झॅक स्नायडरच्या संघटित फॅन मंडळींनी त्याचा 'आर्मी ऑफ द डेड' जिंकवून दिला. तो त्या वर्षीचा लोकांचा सगळ्यात आवडता सिनेमा होता असं त्याचे फॅन पण छातीवर हात ठेवून म्हणणार नाहीत. लोकप्रिय सिनेमाची वेगळी कॅटेगरी २०१८ ला जाहीर केली होती, महिनाभरात गुंडाळली. मराठीत प्रेक्षकांच्या मतांवरचा सोहळा आहेच, 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण', त्याला त्याच्या जागी राहू द्या, ज्युरीच्या पुरस्काराकडून तेच मागू नका.

अजून एक कडू गोष्ट, राग आला तरी चालेल. ग्रुपमध्ये जे भांडतात त्यातल्या निम्म्यांनी समोरचा सिनेमा पाहिलेला नसतो. नागपुरात यात आपली पूर्ण चूक नाही. आपल्याकडे चांगल्या मराठी सिनेमाला सकाळचा एखादा शो मिळतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मल्टिप्लेक्समध्ये, शुक्रवारी लागतो आणि पुढच्या शुक्रवारी गायब. जुनी वितरणाची वाटणीच अशी की मुंबई-पुणे एका सर्किटमध्ये आणि विदर्भ सीपी बेरार नावाच्या वेगळ्या सर्किटमध्ये, ज्याचं ठाणं अमरावती, तिथल्या वितरकाला हिंदीत पैसा दिसतो, मराठीत दिसत नाही, आणि तो काही चुकीचा पण नाही, आपण तरी किती जातो. मग मत बनतं ट्रेलरवर आणि रील्सवर. बरं, मतदार तरी बघतात का? अकॅडमीने ९८व्या ऑस्करपासून नियम केला की अंतिम मतदानात ज्या कॅटेगरीत मत द्यायचं त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे तोवर बहुतेक कॅटेगऱ्यांत न बघता मत देता येत होतं! इतकी वर्षं लोक ज्युरीवर जो आरोप करत होते तो संस्थेनेच कबूल केल्यासारखं झालं हे.

'झुंड'चं पण सांगतो, आपल्या गावचा विषय. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांच्या कामावरून घेतलेला, नागपुरात शूट झालेला सिनेमा, इथल्या वस्तीतली पोरं त्यात. अंकुश गेडामला फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला २०२३ ला, आपल्याला भरून आलं, पण लोकांचं म्हणणं आहे की बाकीच्या पोरांचं काय. माझं म्हणणं आहे की त्या सिनेमातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती पोरं शोधणं. कॅमेरा कधी न पाहिलेल्या पोरांना बच्चनसमोर उभं करायचं आणि त्यांनी बावरायचं नाही, उलट बच्चनच पाहुणा वाटायला पाहिजे, हे कोणीतरी महिनोन् महिने वस्तीत फिरून केलेलं असतं. आणि या कामाला राष्ट्रीय पुरस्कारात रकानाच नाही. कास्टिंगचा विभागच नाही. ऑस्करनेही तो आत्ता ९८व्यापासून सुरू केला. जिथे रकानाच नाही तिथे डावलायचं तरी कोणाला? मागायचं असेल तर हे मागा, की हा विभाग सुरू करा, त्याला जोर लावा.

आणि खरंच अन्याय झाला तर काय करायचं याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी उदाहरण प्राण साहेबांचं. १९७३ ला फिल्मफेअरने त्यांना 'बेइमान'साठी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार दिला, आणि त्यांनी तो घेतला नाही, कारण त्याच 'बेइमान'ला संगीताचा पुरस्कार देऊन 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना डावललं होतं. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले होते, सिनेमा लागलेला पण त्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी लॉबिंग करायला कोण होतं. स्वतःला मिळालेली बाहुली दुसऱ्याच्या डावलल्या कामासाठी सोडली, तेही जो जिंकला तो सिनेमा स्वतःचाच असताना. आज कोणी करेल का, मला नाही वाटत.

तर तुझ्या ग्रुपसाठी भाऊ, सांगायचं ते एवढंच. पुढच्या वेळी यादी आली की पहिले सर्टिफिकेटचं साल बघा, मग निर्मात्याने कुठे आणि कोणत्या कॅटेगरीत टाकला होता ते बघा, आणि मग भांडा, हवं तेवढं भांडा. पण जास्त उपयोगाचं बोलणं यादीच्या आधीचं असतं. एंट्री भरायच्या दिवसांत निर्माते सोशल मीडियावर काय चाललंय ते बघतात, मी स्वतः त्यांना स्क्रीनशॉट पाठवतो, की बघा साहेब, लोक तुमच्या संकलनाबद्दल बोलून राहिले, तिचं नाव नीट भरा. तेव्हा नुसतं "मास्टरपीस" लिहून सोडू नका, कोणता सीन, त्यात आवाज काय होता, कपडे काय होते, कोणी केलं ते एंड क्रेडिटमधून बघून नावासकट लिहा आणि निर्मात्याला टॅग करा. दिवे लागले की उठून पळू नका, क्रेडिट संपेपर्यंत बसा, डोअरकीपर कुरकुर करेल थोडी, करू द्या. आणि आमच्या क्लबच्या चिठ्ठ्यांना यायचं असेल तर या, फक्त अट एवढीच की जे लिहाल ते पाहिलेलं पाहिजे.